फील्ड कोडची फाइल एक्सेलमध्ये दुरुस्त करावी का? (आमचे मारुतीराय मार्चमध्ये गेलेत)

१. बांधावरून

नमस्कार मंडळी. नाशिकात सर्व्हेची खासगी कामं घेतो. ले-आउट, रस्त्याच्या लेव्हल्स, शेततळी, मध्येच एखादं कालव्याचं. तीन टीम आहेत, म्हणजे तीन मशीन आणि तीन डोकी. साइटवर मोजलेल्या प्रत्येक पॉइंटला तो कशाचा आहे हे सांगणारा छोटा कोड द्यायचा असतो. डांबराच्या कडेला एक जण ईपी टाकतो, दुसरा ईआर, तिसरा नुसतं आर. (कोड अर्थातच इंग्रजी कॅपिटलमध्ये असतात, इथे देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.) ऑफिसात ड्रॉइंग करणारी मुलगी रोज संध्याकाळी फोन करते, "दादा, हा डब्ल्यूएल म्हणजे वॉल, वॉटर लाइन की वेल?"

म्हणून तिघांची मिळून एकच कोड फाइल करायचं ठरवलं. कोड, वर्णन, लेयर, सिम्बॉल, लाइन की पॉइंट, सरफेसमध्ये (जमिनीच्या थ्रीडी मॉडेलमध्ये) घ्यायचं की नाही, असे कॉलम. एकूण ३४० कोड निघाले. सॉफ्टवेअरच्या खिडकीत एकेक कोड उघडून बदलायचा तर दिवाळी उजाडेल. मग फाइल सीएसव्हीत (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुरात) काढली, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, दोन तासांत चकाचक केली, सेव्ह केली, परत चढवली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावरच्या साइटचा डेटा उतरवला तर गावातली दोन्ही मारुती मंदिरं नकाशावर नाहीत. आमच्यात एमएआर१ म्हणजे पारावरचा मारुती आणि एमएआर२ म्हणजे बांधीव देऊळ. फाइल उघडून बघतो तर तिथे १ मार्च आणि २ मार्च! सेप्टिक टँकचा एसईपी१ सप्टेंबरात, नाल्यांच्या जंक्शनचा जेयूएन१ जूनमध्ये. कॉलम टेक्स्ट केला तर मारुतीच्या जागी ४५७१७ असा आकडा आला. आता हा आकडा कुठल्या देवाचा?

प्रश्न एवढाच: हे काम एक्सेलमध्ये करायचं की नाही? करायचं तर कसं? की मुकाट खिडकीत बसून एकेक कोड दुरुस्त करू?

२. मिसळ_आणि_लेव्हल

अंजनेरीच्या पायथ्याशी जाऊन मारुतीला नवीन जन्मतारीख दिलीत. धन्य आहात.

३. कॅडवाली

ती रोज फोन करणारी मुलगी मी नव्हे, पण असू शकले असते.

४५७१७ म्हणजे १ मार्च २०२५. एक्सेल तारीख आतमध्ये आकडा म्हणून ठेवतं आणि १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं. एकदा तारीख झाली की मूळ अक्षरं गेली. नंतर कॉलम टेक्स्ट केला तर तो फक्त आकडा दाखवतो, तुमचा मारुती परत आणत नाही. त्यामुळे ती फाइल विसरा आणि मूळ सीएसव्हीपासून पुन्हा सुरू करा. मूळ फाइल आहे ना? "तिच्यावरच सेव्ह केलं" असं सांगू नका प्लीज.

करायचं कसं ते सांगते. सीएसव्हीवर डबल क्लिक करायचंच नाही. आधी रिकामं एक्सेल उघडा. डेटा टॅबमध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट' हा पर्याय घ्या, फाइल दाखवा आणि डेटाचा प्रकार ओळखू नको असं त्याला सांगा. सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून आत आले पाहिजेत. सेलमध्ये डावीकडे चिकटलेलं दिसलं तर टेक्स्ट, उजवीकडे सरकलेलं दिसलं तर त्याने आकडा किंवा तारीख केली. मी कोडच्या कॉलमवरून नुसती नजर फिरवते, एखादा उजवीकडे पळालेला असला की लगेच दिसतो.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोडची फाइल वेगळी आणि पॉइंटची फाइल वेगळी. कोडची फाइल बिनधास्त एक्सेलमध्ये करा, ती शेवटी एक यादी आहे. पॉइंटची फाइल, म्हणजे नंबर, नॉर्दिंग आणि ईस्टिंग (उत्तरेकडचं आणि पूर्वेकडचं अंतर), लेव्हल (उंची), कोड, ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची नाही. बघायची असेल तर कॉपी उघडा.

४. बांधावरून

@कॅडवाली ताई, मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं. पण एका कंट्रोलरमध्ये (साइटवर हातात धरतो त्या यंत्रात) जुनी कॉपी राहिली होती, वाचलो.

५. सातपूरचा_रोव्हर

कॅडवाली म्हणतात ते दहा वर्षांपूर्वी ठीक होतं. आता नव्या एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करता येतं. ऑप्शन्समध्ये डेटा या भागात 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' म्हणून आहे. २०२३ मध्ये आलं. सुरुवातीची शून्यं काढू नको, ई असलेले आकडे घातांकात नेऊ नको, अक्षर-आकडा जोडून आला तर तारीख करू नको, अशा वेगवेगळ्या टिका आहेत. काढून टाका आणि निवांत झोपा.

६. कॅडवाली

@सातपूरचा_रोव्हर, ती सोय माझ्या मशीनवर. साइटवरच्या लॅपटॉपवर जुनं एक्सेल, क्लायंटच्या ऑफिसात आणखी तिसरं. फाइल हातोहात फिरते, टीक फिरत नाही. शिवाय तारखेची टीक फक्त अक्षर आणि आकडा जोडून आले तरच लागू होते. आता एक प्रयोग करा. कुठल्याही सेलमध्ये ७/१२ टाका आणि एंटर मारा.

७. मिसळ_आणि_लेव्हल

०७ डिसेंबर!!! 😂😂 अख्ख्या महाराष्ट्राचा सातबारा एका एंटरमध्ये.

८. गोदाकाठची

हसू नका, हे माझ्यासोबत झालंय. भूसंपादनाच्या कामात गट नंबरांची यादी होती, पोटहिश्श्यासकट. ५/२, ११/३, ३१/१ असे. एक्सेलने ५/२ ला ५ फेब्रुवारी केलं, ११/३ ला ११ मार्च. पण ३१/४ मात्र तसाच राहिला, कारण एप्रिलला ३१ तारीख नसते. त्यामुळे यादी वरवर बघताना बरोबर वाटते. निम्म्या नोंदी ठीक, निम्म्या तारखा. शेतकरी विचारायला आला, "ताई, माझ्या जमिनीच्या पुढे फेब्रुवारी का लिहिलंय? तेव्हा पैसे मिळणार का?" त्याला काय सांगणार.

९. साखळीवाले_काका

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

आमच्या वेळी साखळी होती ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हिशोब साखळीतच बसवलेला होता, कॅल्क्युलेटर लागत नसे. टिपणात बांध, विहीर, झाड, दगड, सगळं हाताने काढायचं आणि त्याच्या शेजारी लिहायचं. जुनी टिपणं तर मोडीत असायची. वाचता आली नाहीत तर माणूस दुसऱ्याला विचारायचा. तुमचं एक्सेल विचारत नाही, परस्पर ठरवून मोकळं होतं. तेवढाच फरक.

बाकी तुम्ही लोक बांधाला काय कोड देता आणि हद्दीच्या खुणेला काय?

१०. बांधावरून

@काका, दोन्हीला बीडी.

११. साखळीवाले_काका

तिथेच चुकलात. बांध म्हणजे जमिनीवर दिसतो तो. हद्द म्हणजे मोजणीने ठरते ती. बांध सरकतो, नांगराच्या प्रत्येक फेरीला टाचभर सरकतो. दोघांना एकच कोड दिलात की नकाशात एकच रेघ येते, शेतकरी तो कागद घेऊन फिरतो आणि म्हणतो माझी हद्द मोजली. मग शेजाऱ्याशी भांडण, आणि शेवटी तुमचं नाव निघतं. खासगी नकाशा म्हणजे क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) नव्हे, हे त्याला कितीही सांगा. दगड सापडला तर त्याचा वेगळा कोड, तीन गावांच्या शिवेवरच्या दगडाचा आणखी वेगळा. हे एक्सेल बंद करून आधी कागदावर ठरवा.

१२. गोदाकाठची

काका 🙏 हा प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात लावतेय.

१३. सिन्नरी

मी एक्सेल सोडून नोटपॅड प्लस प्लसवर आलो, त्याची गोष्ट ऐका.

रस्त्याचं काम. पोराने अर्ध्या दिवसात डांबराच्या एका कडेचे १४० पॉइंट घेतले, पण कोड टाकायला विसरला. सगळे कोरे. मी म्हटलं, हरकत नाही, एक्सेलमध्ये पहिल्या सेलमध्ये ईपी१ टाकतो आणि खाली ओढतो. ओढलं. जेवायला गेलो. आल्यावर ड्रॉइंगमध्ये टाकलं तर रस्त्याची कडच नाही. पॉइंट सगळे जागेवर, रेघ एकही नाही.

अर्धा तास डोकं खाजवलं. एक्सेलने ओढताना ईपी१, ईपी२, ईपी३ करत ईपी१४० पर्यंत नेलं होतं. म्हणजे १४० वेगवेगळ्या रेघा, प्रत्येकीत एकच पॉइंट. एका पॉइंटची रेघ कशी निघणार? सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने कुठलाही एरर दिला नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं.

तेव्हापासून नोटपॅड प्लस प्लस. ऑल्ट दाबून माउसने उभा पट्टा निवडायचा आणि एकदाच टाइप करायचं. सगळ्या ओळींत तेच.

१४. सातपूरचा_रोव्हर

@सिन्नरी, ओढताना कंट्रोल दाबून ठेवायचं होतं ना भाऊ. तेच तेच कॉपी होतं.

१५. सिन्नरी

आता माहीत आहे 🙏

१६. म्हसरूळ_ड्रोन

ड्रोनने उडवा, कोडच लागत नाहीत.

१७. कॅडवाली

@म्हसरूळ_ड्रोन, द्राक्षबागेतला मांडवाखालचा व्हॉल्व्ह ड्रोनमधून दाखवा, मग बोलू.

१८. निफाडचा_प्रिझम

बागेचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीला विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, बागेचे अँगल, शेड, सगळं मोजावं लागतं, कारण भरपाई त्यावर ठरते. इंग्रजी मॅन्युअलमधून उचललेल्या कोडच्या याद्यांत फायर हायड्रंट असतो, कांदाचाळ नसते. मी निफाड तालुक्यात आजवर एकही फायर हायड्रंट मोजलेला नाही. कांदाचाळी मात्र शेकड्याने. त्यातही प्रश्न, चाळ म्हणजे इमारत का? खाली चौथरा, बाजूने पट्ट्या, वर पत्रा, वारा आरपार. आम्ही आधी बीएलडीमध्ये टाकायचो, मग क्लायंट म्हणाला वेगळी दाखवा. तर केसी केला. केसी आधीच कर्बला दिलेला होता. झालं, नकाशात महामार्गाच्या दुभाजकात पंधरा कांदाचाळी.

माझं म्हणणं, कोड आपल्या पोरांच्या तोंडचे ठेवा. प्रिझम (मोजायच्या जागी धरायची काच) धरणारा पोरगा लांबून ओरडतो, "विहीर!" आणि मशीनवरच्याने मनात भाषांतर करून डब्ल्यूई दाबायचं. त्यात चूक होणारच. विहीर तर व्हीएच, नाला तर एनएल, पाट तर पीटी, गाडीवाट तर जीव्ही.

१९. सातपूरचा_रोव्हर

पूर्ण असहमत. उद्या तुमचं काम पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कन्सल्टंटकडे गेलं तर जीव्ही म्हणजे त्याला काय कळणार? गॅस व्हॉल्व्ह समजेल. त्यापेक्षा आकड्यांचे कोड. झाडं १०० ते १९९, रस्ता २०० ते २९९, पाणी ३००. कंट्रोलरच्या कीपॅडवर आकडे झटपट दाबता येतात. भाषेचं भांडणच नको.

२०. निफाडचा_प्रिझम

आणि ००१ टाकलं की एक्सेलमध्ये १ 🙂

२१. सातपूरचा_रोव्हर

म्हणून तर १०० पासून सुरू केले.

२२. कॅडवाली

बरोबर, आणि त्यात अजून एक पाचर आहे. काउंटइफ हे फंक्शन टेक्स्टमधल्या ००१ आणि १ ला एकच धरतं. म्हणजे तुम्ही तपासणी लावलीत तरी ती "सापडला" म्हणते, आणि सर्व्हेचं सॉफ्टवेअर म्हणतं सापडला नाही. अक्षरांच्या बाबतीतही तसंच. व्हीलुकअपला लहान ईपी आणि मोठा ईपी सारखेच. सिव्हिल थ्रीडी या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र डिस्क्रिप्शन की (कोड ओळखायची नोंद) लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरते. खात्री करायची तर एक्झॅक्ट हे फंक्शन वापरायचं.

२३. आडगावकर

व्हीलुकअप वगैरे पुढचं. माझी पद्धत सोपी आहे आणि ती सगळ्यांनी करावी असं वाटतं. दिवसाचा डेटा आला की त्याच्या कॉपीची पिव्हट टेबल करतो. ओळीत कोड, समोर किती वेळा आला ते. दोन मिनिटांचं काम. परवाचं सांगतो: ईपी ४१२ वेळा, टीआर ८८ वेळा, ईएल ६१ वेळा, आणि तळाला ओपी ३, ईपीपी २, आणि पुन्हा एक ईपी, फक्त १. हा दुसरा ईपी वेगळा का? सेलमध्ये जाऊन बघितलं तर पुढे एक स्पेस चिकटलेली. डोळ्यांना दिसत नाही, लेन हे अक्षरं मोजणारं फंक्शन लावलं की दोनऐवजी तीन येतं. ट्रिम (जादा स्पेस काढणारं फंक्शन) मारली, गेली. वेबपेजवरून किंवा पीडीएफवरून चिकटवलेली स्पेस मात्र वेगळ्या जातीची असते, ती ट्रिमने जात नाही, शोधा-आणि-बदलाने काढावी लागते.

एकदा-दोनदाच आलेले कोड बघा, त्यातच चुका असतात. ओपी म्हणजे ईपीच होता, पोराचं बोट घसरलं.

२४. पाथर्डी_फाटा

शोधा-आणि-बदला म्हणालात आणि अंगावर काटा आला. मी टीआरचं टीआरईई करायला गेलो. 'अख्खा सेल जुळला तरच' ही टीक लावायची विसरलो. ट्रान्सफॉर्मरचा कोड टीआरएफ होता, त्याचा टीआरईईएफ झाला. ट्रेंचचा टीआरएन, त्याचंही झाड. सातपूरच्या कारखान्याच्या आवारात जंगल उगवलं. क्लायंटला सांगितलं असतं तर वृक्षारोपणाचं श्रेय मिळालं असतं.

२५. मिसळ_आणि_लेव्हल

@पाथर्डी_फाटा 😂 एमआयडीसी हरित पट्टा.

२६. बांधावरून

बापरे, एवढे प्रतिसाद. साइटवर होतो, आता वाचतोय. @आडगावकर, पिव्हट आजच करतो.

एक नवीन अडचण. कॅडवाली ताईंच्या पद्धतीने सगळं टेक्स्ट म्हणून घेतलं, दुरुस्त केलं, वर्णनाचा कॉलम पोरांसाठी मराठीत लिहिला (विहीर पक्की, विहीर कच्ची वगैरे), सीएसव्हीत सेव्ह केलं. सगळं मराठी प्रश्नचिन्हं झालं. ओळीच्या ओळी ????? आहेत.

२७. कॅडवाली

साध्या सीएसव्हीत देवनागरी टिकत नाही. 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून वेगळा पर्याय आहे, तो घ्या. आणि वर्णनात स्वल्पविराम टाकू नका, "विहीर, पक्की" असं लिहिलंत तर काही सर्व्हे सॉफ्टवेअरमध्ये कॉलम एक घर सरकतो.

२८. गोदाकाठची

हो, आमच्याकडे "पक्की" नावाचा लेयर तयार झाला होता. त्यात सगळ्या विहिरी.

२९. बांधावरून

यूटीएफ-८ केलं. मराठी आलं! पण आता यादीतला पहिला कोड चालत नाही. एबी, पुलाचा ॲबटमेंट. बाकी ३३९ चालतात. एबीच "सापडला नाही". डिलीट करून पुन्हा टाइप केला, तरी तेच. वर्णानुक्रम उलटा करून झेड पहिला आणला तर झेड चालेना, एबी चालू. भूतबाधा आहे का?

३०. सिन्नरी

लिंबू-मिरची.

३१. आडगावकर

भूत नाही, बॉम. यूटीएफ-८ पर्यायाने सेव्ह करताना एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण टाकतं, बाइट ऑर्डर मार्क. काही सॉफ्टवेअर ती ओळखून सोडून देतात. तुमचं ती पहिल्या कोडचा भाग समजतंय, म्हणजे त्याच्या लेखी कोड एबी नसून "काहीतरी-एबी" आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडा, एनकोडिंगमध्ये 'यूटीएफ-८' निवडा (बॉमसह लिहिलेलं नाही ते), सेव्ह करा.

किंवा आळशी उपाय: पहिल्या ओळीत एक खोटा कोड ठेवा जो कधीच वापरायचा नाही. बळी तो जाईल.

३२. निफाडचा_प्रिझम

म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून गालावरचं काळं तीट. हेच करणार मी.

३३. कॅडवाली

@आडगावकर, तो आळशी उपाय नको हो. सहा महिन्यांनी कोणीतरी यादी वर्णानुक्रमाने लावेल आणि तीट मध्येच कुठेतरी जाऊन बसेल.

३४. जलसंधारण_भाऊ

यादी लावण्याचा विषय निघालाच आहे तर माझं पाप कबूल करतो. हे पॉइंट फाइलचं आहे. दिंडोरीकडे एक बंधारा. लेव्हलचा कॉलम निवडला आणि चढत्या क्रमाने लावला, सगळ्यात खालची लेव्हल बघायची होती. एक्सेलने विचारलं, शेजारचे कॉलमही सोबत घेऊ का? मी घाईत "नको" म्हटलं. बघितलं, बंद करताना सेव्ह केलं. सगळे एक्स-वाय आपापल्या जागी, लेव्हल मात्र वाटून टाकलेल्या. कंटूर (समान उंचीच्या रेघा) काढले तर चकल्या. नाल्याच्या तळात टेकडी, टेकडीवर पाणी.

दुसरं पाप त्याहून वाईट, कारण ते दिसलंच नाही. लेव्हल्स तीन दशांशापर्यंत होत्या, ५८३.२४७ अशा. नीटनेटकं दिसावं म्हणून कॉलम दोन दशांशाचा केला. एक्सेलच्या स्वतःच्या फाइलमध्ये आतला आकडा शाबूत राहतो, पण सीएसव्हीत सेव्ह करताना ते जे दिसतं तेच लिहितं. ५८३.२५. तिसरा दशांश कायमचा गेला. अशी चूक जास्तीत जास्त ५ मिलिमीटरची, माती उपसायच्या कामात तेवढ्याने काही होत नाही. पण कालव्याचा उतार २००० ला १ असेल तर १० मीटरमागे उतार किती? ५ मिलिमीटर. जेवढा उतार, तेवढी चूक. पाटाचं पाणी जागच्या जागी उभं राहील.

३५. साखळीवाले_काका

जलसंधारणवाल्याने खरं सांगितलं म्हणून लिहितो. आमच्यात फील्डबुकात खाडाखोड करायची तर एक रेघ मारून वर नवीन आकडा लिहायचा आणि सही करायची. खोडरबर चालत नसे. जुना आकडा दिसला पाहिजे. तुमच्या त्या फाइलीत जुना आकडा कुठे दिसतो?

३६. आडगावकर

काका, दिसत नाही. म्हणून मूळ फाइल उतरवली की लगेच 'रीड ओन्ली' करून वेगळ्या फोल्डरमध्ये. कोडच्या शीटमध्ये शेवटी तीन कॉलम: कोणी बदललं, कधी, का. तीच आमची सही.

३७. पाथर्डी_फाटा

आमच्या फोल्डरमध्ये सध्या कोड_फायनल, कोड_फायनल_२, कोड_फायनल_नवीन आणि कोड_हीच_वापरा आहे. चालू आहे ती कोड_जुनी.

३८. सातपूरचा_रोव्हर

😂 @पाथर्डी_फाटा आपण एकाच ऑफिसात आहोत का?

थोडं अवांतर. माझी बहीण जीवशास्त्रात आहे. तिला हा धागा दाखवला तर म्हणाली, तुम्ही एकटे नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट१ अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं. एक्सेलने सोय दिली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

३९. निफाडचा_प्रिझम

मग आपणही मारुतीचं एचएनएम करू. हनुमान. कुठल्याच महिन्यात बसत नाही.

४०. बांधावरून

केलंच! एचएनएम१, एचएनएम२. सेप्टिकचा एसटी करणार होतो, तो स्टोनला दिलाय, म्हणून एसपीटी.

४१. गोदाकाठची

सरफेसच्या कॉलमबद्दल कोणीच बोललं नाही. कोड चुकला तर नकाशात दिसतं, हा कॉलम चुकला तर लवकर दिसतही नाही. आमच्याकडे कोणीतरी "हो" टाकून खालीपर्यंत भरत नेलं आणि विजेच्या तारांचा कोडही सरफेसमध्ये गेला. तारा जमिनीपासून सात मीटर वर. सॉफ्टवेअरने त्या जमीन समजून त्रिकोण जोडले. मातीकामाचा हिशोब काढला तर माती कापावी लागेल असं आलं, सपाट शेतात! थ्रीडीमध्ये फिरवून बघितलं तेव्हा लाइनीच्या खाली डोंगररांग दिसली, सप्तशृंगीसारखी.

त्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावा. हो किंवा नाही, दोनच पर्याय. आणि तारा, कंपाउंडचा माथा, झाडाचा शेंडा, पाण्याची टाकी या सगळ्या ओळींना रंग द्या म्हणजे डोळ्यात येतील. एकेकदा हाताने भरा, ओढू नका.

४२. म्हसरूळ_ड्रोन

ड्रोनमध्ये तर झाडाचे शेंडेही जमीन होतात, ते आम्ही साफ करतोच. तेवढं मान्य.

४३. कॅडवाली

@म्हसरूळ_ड्रोन, या की मग इकडे 🙂

४४. सिन्नरी

एक राहिलं. कोडच्या आधी वजा किंवा बरोबरचं चिन्ह लावायची काहींना सवय असते, रेघ संपली हे सांगायला. -एनएल असं. एक्सेल ते सूत्र समजतं आणि 'नाव सापडत नाही' म्हणून एरर दाखवतं. त्यापेक्षा स्पेस देऊन पुढे बी आणि ई लिहा, सुरू आणि शेवट. सिव्हिल थ्रीडीच्या तयार लाइनवर्क संचात तेच आहे.

आणि १ई५ सारखे कोड नकोच. आम्ही पहिल्या लाइनीचा पाचवा इलेक्ट्रिक पोल म्हणून तसं लिहायचो. एक्सेलने एक लाख केला. पोल सापडला, तोही लाखमोलाचा.

४५. नवशिक्या_सर्व्हेअर

मी या क्षेत्रात नवीन आहे, डिप्लोमा झालाय. कन्सल्टंटने दिलेल्या कोडची फाइल एफएक्सएल आहे, ती एक्सेलमध्ये उघडल्यावर विचित्र दिसते. सेव्ह करू का?

४६. आडगावकर

करू नका! एफएक्सएल आतून एक्सएमएल असते, टॅग असतात. एक्सेलमधून सेव्ह केली तर रचना मोडेल आणि कंट्रोलर ती घेणार नाही. ती बनवणाऱ्या कंपनीच्याच एडिटरमध्ये बदला. हा धागा साध्या मजकुराच्या, स्वल्पविरामाच्या फाइलींबद्दल आहे.

आणि नवीन आहात तर एक घरगुती चाचणी देतो. नाशिकात यूटीएम या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे झोन ४३ उत्तर, ईस्टिंग पावणेचार लाखांच्या आसपास येतं आणि नॉर्दिंग बावीस लाखांच्या वर. फाइल कुठलीही असो, आधी एवढं बघा. दोन कॉलम उलटे चढवले तर पंचवटीचा पॉइंट श्रीलंकेच्या पलीकडे समुद्रात जातो.

४७. मिसळ_आणि_लेव्हल

पंचवटीहून लंकेला जाणं ही जुनी परंपरा आहे हो. फक्त परतीचा पॉइंट घ्या.

४८. बांधावरून

मंडळी, काम झालं. काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर.

काकांचं ऐकून एक्सेल बंद केलं आणि रविवारी तिन्ही टीमना ऑफिसात बोलावलं. मिसळ मागवली. पिव्हटने काढलेली यादी भिंतीवर लावली. ३४० पैकी वर्षभरात वापरलेले कोड फक्त ९६ होते. बाकीचे कुठल्याशा मॅन्युअलमधून आलेले, फायर हायड्रंटसकट. ते काढून टाकले. बांधाला बीडी ठेवला, हद्दीच्या दगडाला एचडी, तीन शिवांच्या दगडाला टीएस. कांदाचाळीवर वीस मिनिटं वाद झाला. शेवटी सीएच, कारण "केसी" ऐकताना "जीसी" ऐकू येतं असं प्रिझमवाल्या पोराचं म्हणणं. मान्य केलं, ओरडणारा तोच आहे.

मग एक्सेल. सगळं टेक्स्ट म्हणून आत घेतलं, सरफेसचा कॉलम हाताने भरला, तारांच्या ओळी लाल केल्या, यूटीएफ-८ करून बॉम काढला. काल मखमलाबादला सहाशे पॉइंट घेतले, एकही कोड अनाथ निघाला नाही. ड्रॉइंगवाल्या मुलीचा संध्याकाळी फोन आला नाही तर मीच केला, म्हटलं तब्येत बरी आहे ना.

४९. साखळीवाले_काका

९६ पुष्कळ झाले. आमचं वीस-बावीस खुणांत भागायचं. पण चांगलं केलंत.

५०. नवशिक्या_सर्व्हेअर

बांधावरून सर, तुमची ती फाइल मिळेल का? शिकायला.

५१. बांधावरून

व्यक्तिगत संदेशात पाठवली आहे. सर नको, दादा म्हण. फक्त डबल क्लिक करून उघडू नकोस.

५२. नवशिक्या_सर्व्हेअर

दादा, मोबाइलवर उघडली. बंद करताना सेव्ह करू का विचारलं, मी हो म्हटलं.

५३. सिन्नरी

लिंबू-मिरची.